गावातल्या सगळ्या पक्षांना खुलं पत्र: एकदा एका स्टेजवर बसा

सगळ्या पक्षांच्या, गटांच्या, आघाड्यांच्या आणि अपक्ष पुढाऱ्यांना, आणि त्यांच्यासाठी रात्रंदिवस पळणाऱ्या कार्यकर्त्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी बसस्टँड रोडवर झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवते. नाव लिहीत नाही, गरजही नाही, तुमच्यातला प्रत्येकजण कधी ना कधी माझ्या दुकानाची पायरी चढलाय. नोव्हेंबरात उमेदवारी अर्ज भरायच्या दिवसांत तर तुमच्यातले निम्मे लोक रात्री अकरापर्यंत माझ्याच स्टुलावर बसून होते, शपथपत्र, थकबाकी नसल्याचा दाखला, जात पडताळणीची पावती, सगळ्याचे तीन तीन सेट, आणि एका गटाचे आत असले की दुसऱ्या गटाचे बाहेर गाडीवर टेकून थांबायचे, ते गेले की आत यायचे. मी दोघांनाही चहा दिला, दोघांच्याही कागदातल्या चुका काढून दिल्या. एकाच्या शपथपत्रातलं एक पानच राहिलं होतं, ते मी पकडलं नसतं तर छाननीत अडकला असता. उपकार केले असं म्हणायचं नाही मला, धंदाच आहे माझा तो. पण त्याच महिन्यात त्याच लोकांनी मला "समोरच्यांची माणूस" ठरवून टाकलं, आणि दोन्ही बाजूंनी ठरवलं, ते मला अजून पचलेलं नाही.

काय झालं ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते.

नगरपालिकेत जवळपास चार वर्षं प्रशासक होता. नगरसेवक नाही, नगराध्यक्ष नाही, तक्रार घेऊन गेलं की साहेब मिटिंगला गेलेले. शेवटी सुप्रीम कोर्टाने मे 2025 मध्ये निवडणुका घ्या म्हणून सांगितलं आणि राज्यातल्या 246 नगरपरिषदा आणि 42 नगरपंचायतींच्या निवडणुका लागल्या, त्यात आपलीही. इतक्या वर्षांनी मत मागायला माणसं दारात येणार म्हणून आम्ही सात-आठ जणांनी, वाचनालयाचे दोन जुने सभासद, एक रिटायर्ड मास्तर, एक मेडिकलवाले भाऊ, कॉलेजची तीन पोरं आणि मी, एक साधी गोष्ट ठरवली. नगराध्यक्षपदाच्या सगळ्या उमेदवारांनी वाचनालयाच्या हॉलमध्ये एका स्टेजवर बसायचं. लोकांचे प्रश्न आधीच चिठ्ठीवर घ्यायचे. प्रत्येक प्रश्नाला प्रत्येकाला तीन मिनिटं. झेंडा नाही, घोषणा नाही, हार नाही.

मी कागदाच्या रिमच्या बॉक्सला वरून चीर पाडली, "तुमचा प्रश्न इथे टाका" असं चिकटवलं आणि काउंटरवर ठेवला. नऊ दिवसांत 143 चिठ्ठ्या पडल्या, मी स्वतः मोजल्यात. निम्म्याच्या वर पाण्यावर. नळाला आठ-नऊ दिवसांनी पाणी येतं, तेही कधी पहाटे तीनला तर कधी भर दुपारी, कामाला जाणाऱ्या बाईने नळाशी बसायचं कधी, निदान वेळ तरी ठरवा. मग घंटागाडी, तुंबलेल्या गटारी, घरकुलाचा थकलेला हप्ता, स्मशानभूमीतलं उडालेलं पत्र्याचं शेड. चार-पाच सोडल्या तर कुणी चिठ्ठीत पक्षाचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. एक चिठ्ठी वहीच्या फाडलेल्या पानावर होती, अक्षर शाळेतल्या पोरीचं, वळणदार, खाली रेघ मारलेली: "आमच्या शाळेत मुलींच्या बाथरूमला आतून कडी नाही. आम्ही दोघी दोघी जातो, एक जण बाहेरून दार धरते. कडी कोण बसवणार?"

हा प्रश्न मला तुम्हाला विचारायचा होता. तीन मिनिटंसुद्धा लागली नसती.

पण कार्यक्रमाच्या चार दिवस आधी पहिला फोन आला, त्या गद्दारांच्या शेजारी आमचे भाऊ बसणार नाहीत. दुसऱ्या दिवशी दुसऱ्यांचा, ताई, तुमच्या मागे कोण आहे ते आम्हाला माहितीये, हा सगळा आमच्या दादांना अडचणीत आणायचा डाव आहे. तिसऱ्यांनी सांगितलं येऊ, पण आम्ही सगळ्यात शेवटी बोलणार आणि आमची शंभर पोरं हॉलमध्ये बसणार. अपक्ष आधी हो म्हणाले होते, ते मग म्हणाले बाकीचे नाहीत तर मी एकटा येऊन काय करू. वाचनालयाला सरकारी अनुदान आहे, कमिटीतल्या लोकांना कुणाशीच वाकडं नको होतं, त्यामुळे आदल्या रात्री साडेनऊला कार्यक्रम रद्द. सहा बाय तीनचं बॅनर मीच छापून घेतलं होतं, ते गुंडाळून अजून कपाटामागे उभं आहे.

तेवढ्यावर मी गप्प बसलेही असते. निवडणुकीत असं व्हायचंच म्हणून सोडून दिलं होतं. पण निकाल लागला, गुलाल उधळून झाला, आणि जानेवारीत वाचनालयाच्या कमिटीने ठराव केला की यापुढे हॉलमध्ये "राजकीय किंवा वादग्रस्त विषयावर" कोणताही कार्यक्रम होणार नाही. म्हणजे पाण्यावर बोलायचं तरी बंद, कारण पाणी म्हटलं की नगरपालिका आली आणि नगरपालिका म्हटलं की तुम्ही आलात. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती इंग्रजांच्या राज्यात. आणि आपल्या गावात 2026 मध्ये आपल्याच माणसांच्या भीतीने हॉलला कुलूप लावायची वेळ यावी? ठरावावर सह्या कमिटीच्या आहेत, पण तो करायला लावला तुम्ही, सगळ्यांनी मिळून. तुमचं एकमत झालेली ही एवढीच गोष्ट मला आठवते. म्हणून हे पत्र.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार, तुम्ही मला आणि माझ्यासारख्यांना मत असूच देत नाही. आमच्या कपाळावर आधी शिक्का मारता आणि मग आमचं ऐकता, किंवा ऐकतच नाही. लाडकी बहीणचं उदाहरण देते कारण ते माझ्या काउंटरवर घडलंय. जून 2024 च्या बजेटमध्ये योजना जाहीर झाली, आधी 21 ते 60 आणि लगेच पुढे 65 वयापर्यंतच्या बायकांना महिन्याला दीड हजार, आणि जुलैपासून माझ्या दुकानासमोर रांग. मी त्या वेळी ग्रुपवर लिहिलं होतं की आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या खात्यात स्वतःच्या नावाने पैसे आलेत अशा बायका मी रोज बघतेय, मेसेज दाखवायला परत दुकानात येतात, एका आजींनी तर मला पन्नास रुपयांचे पेढे आणून दिले, योजना चांगली आहे. लगेच उत्तर आलं, ताई विकल्या गेल्या, दीड हजारात. मग 2025 च्या सप्टेंबरपासून ईकेवायसी सुरू झालं, त्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचं नाहीतर वडिलांचं आधार मागायला लागले, ओटीपी येईना, साईट बंद पडायची, आणि ज्या बाईचा नवराही नाही आणि वडीलही नाहीत तिने काय करायचं याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. एक विधवा बाई तीन दिवस रोज येऊन माझ्यासमोर रडून गेली. ते मी ग्रुपवर लिहिलं, तर आधी मला विकलेली म्हणणारे माझं कौतुक करायला लागले आणि त्या वेळी कौतुक करणारे म्हणाले, ताई विरोधकांना मिळाल्या. पुढे सरकारनेच अशा बायकांसाठी सोय केली, म्हणजे माझं म्हणणं चुकीचं नव्हतं ना? योजना तीच, बाई तीच, काउंटर तोच. मी कुठेच गेले नव्हते हो. चांगलं दिसलं ते चांगलं म्हटलं, अडलं तिथे अडलं म्हटलं.

हिंदीचंही तसंच झालं. 16 एप्रिल 2025 च्या जीआरने पहिलीपासून तिसरी भाषा हिंदी आली तेव्हा मी विरोधात सही केली, सहा वर्षांच्या लेकरावर तीन भाषा नकोत असं माझं मत आहे, माझ्याच पुतण्याला अजून मराठी जोडाक्षरं जड जातात. 29 जूनला सरकारने तो आणि जूनमध्ये काढलेला दुसरा, असे दोन्ही जीआर मागे घेतले, मला आनंद झाला. पण त्याच दिवसांत मराठी येत नाही म्हणून गरीब दुकानदाराच्या कानाखाली मारल्याचे व्हिडिओ फिरत होते, आणि मी लिहिलं की हे मला मान्य नाही, आपल्या बसस्टँडवरचा पाणीपुरीवाला बारा वर्षं इथे आहे, त्याला मारून मराठी मोठी होणार नाही. एकजण म्हणाला महाराष्ट्रद्रोही. दुसरा म्हणाला आधी हिंदीला विरोध करून आग लावायची आणि मग रडायचं. मला सांगा, ही दोन मतं एका माणसाला एकाच वेळी असू शकत नाहीत का? माझ्या तर घरात सगळ्यांना आहेत.

मराठा-ओबीसी विषयावर मी जास्त लिहिणार नाही, जखम ताजी आहे. एवढंच सांगते की 2023 च्या सप्टेंबरात अंतरवाली सराटीत लाठीमार झाला, त्यानंतर वर्षभर कुणबी नोंदींचे कागद काढायला येणारेही माझ्याकडेच यायचे आणि ओबीसी मोर्चाची पत्रकं छापायलाही माझ्याकडेच. दोघांच्याही बोलण्यात मला दम वाटायचा. शेतीवर पोट न भरणाऱ्या घरातल्या पोराची अडचण खरी, आणि आहे त्या ताटात वाटेकरी वाढतील ही भीतीही खरी. पण तेव्हा आपल्या गावात लोकांनी न्हावी बदलले, किराणा बदलला, शेजारी शेजारी असलेल्या दोन चहाच्या टपऱ्यांची गिऱ्हाईकं जातीवर वाटली गेली. तुमच्यातल्या एकाने तरी, एका तरी सभेत, आपल्याच समाजाला सांगितलं का की मागणी मागणीच्या जागी आणि शेजार शेजाराच्या जागी? मी वाट बघितली. कुणीच नाही सांगितलं.

दुसरी तक्रार थोडक्यात. वर तुमचं सगळं जमतं आणि खाली आमचं तुटतं. 2019 च्या ऑक्टोबरात आम्ही ज्यांना युती समजून मतं दिली ती महिन्याभरात मोडली, 23 नोव्हेंबरला पहाटे एक शपथविधी झाला, 28 ला शिवाजी पार्कवर दुसरा. 2022 च्या जूनमध्ये एक पक्ष फुटला, 2023 च्या जुलैमध्ये दुसरा. या काही वर्षांत राज्यातला प्रत्येक मोठा पक्ष कधी ना कधी आधीच्या शत्रूच्या मांडीला मांडी लावून सत्तेत बसलाय. आताच्या नगरपालिकांमध्ये तर अंबरनाथला भाजप आणि काँग्रेसचे नगरसेवक सत्तेसाठी एकत्र आले, वरच्या नेत्यांनाच हात झटकायची वेळ आली. मी याला पाप म्हणत नाही, राजकारणात जुळवून घ्यावं लागतं, कळतं मला. पण मग आमच्या घरात भांडणं का लावता? 2024 च्या विधानसभेच्या धामधुमीत माझा सख्खा भाऊ माझ्याशी फॅमिली ग्रुपवर भांडला, मी फक्त एवढं म्हटलं होतं की दोन्हीकडचे जाहीरनामे वाचून ठरवू. त्या वर्षी भाऊबीजेला तो आला नाही. मी ताम्हणात निरांजन लावून, सुपारी, अक्षता सगळं काढून साडेआठपर्यंत बसले, मग निरांजन विझवलं आणि ताट तसंच देवघरात ठेवलं. त्याचा नेता आता ज्यांच्याबरोबर आहे त्यांच्यावरूनच तो माझ्याशी भांडला होता. भाऊ आता बोलतो, पण पूर्वीसारखा नाही बोलत.

तिसरी तक्रार तुमच्या शब्दांबद्दल. भक्त, गुलाम, चमचे, गद्दार, देशद्रोही, फुरोगामी. आणि आमच्यासाठी वेगळे, कुंपणावरची, तळ्यात-मळ्यात, दोन्ही दगडांवर पाय ठेवणारी. मला सगळ्यात जास्त लागला तो एका तरुण कार्यकर्त्याचा मेसेज, की ताई, तुमच्यासारखे मधले लोक म्हणजे पाठीचा कणा नसलेले. तो पोरगा माझ्यासमोर लहानाचा मोठा झालाय, त्याच्या दहावीच्या मार्कमेमोची पहिली झेरॉक्स मी काढलीये.

त्याला इथे उत्तर देते. बाळा, आपल्याकडे मवाळ हा शब्द भित्रा या अर्थाने वापरायची सवय झालीये, पण गोपाळ कृष्ण गोखले मवाळ होते आणि त्यांनी 1911 मध्ये इंग्रजांच्या तोंडावर प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणून विधेयक मांडलं, ते फेटाळलं गेलं तरी मागे हटले नाहीत. कणा नव्हता त्यांना? टिळक जहाल. दोघांचं आयुष्यभर पटलं नाही, 1907 ला सुरतेच्या काँग्रेसमध्ये खुर्च्या आणि जोडे उडाले, काँग्रेस फुटली. पण 1915 च्या फेब्रुवारीत गोखले गेले तेव्हा टिळक सिंहगडावरून पुण्यात आले, स्मशानात उभे राहून बोलले आणि ज्यांच्याशी एवढं भांडले त्यांना महाराष्ट्राचं रत्न म्हणाले. मत सोडलं का त्यांनी? नाही सोडलं. आणि तुम्ही, समोरच्या गटाच्या माणसाची आई गेली तर अंत्ययात्रेला जायचं की नाही हे आधी साहेबांना फोन करून विचारता. मागच्या वर्षी हे झालंय आपल्या गावात, कुणाच्या बाबतीत ते मी लिहिणार नाही, त्या घराला माहीत आहे.

पूर्वी सगळं गोड होतं असा माझा दावा अजिबात नाही. 1978 मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर याच मराठवाड्यात दलितांची घरं जाळली, माणसं मारली, आणि तेव्हा बरेच शहाणे लोक "आपण यात पडायला नको" म्हणून घरात बसले होते. माझे वडील सांगायचे, त्यांनाही त्याची आयुष्यभर लाज वाटली. त्यामुळे कुणी म्हणत असेल की मधलं राहणं म्हणजे अन्यायाच्या वेळी गप्प राहणं, तर नाही. कुणाचं घर जाळायचं का या प्रश्नाला मधली बाजू नसते. तिथे मी जळणाऱ्या घराच्या बाजूने आहे, घर कुणाचंही असो, जाळणारा माझ्या जातीचा आणि माझ्या मताचा असो. पण नळाला पाणी किती दिवसांनी यावं, बजेटचा पैसा आधी रस्त्यावर घालायचा की गटारीवर, शाळेला आधी काय लागतं, या प्रश्नांना दहा बाजू असतात आणि दहाही ऐकाव्या लागतात. तुम्ही या दोन्हींची सरमिसळ करून टाकलीये. गटारीच्या प्रश्नालाही धर्मयुद्ध केलंय.

आणि एकत्र येणं आपल्याला जमत नाही असंही नाही. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चार वाजायला चार-पाच मिनिटं होती. मी तेव्हा चौदा वर्षांची. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, अंगावरचा गुलाल धुवायचा राहिला होता, आणि आम्ही सगळे गल्लीत येऊन उभे, पत्रे वाजताहेत, कुत्री ओरडताहेत. किल्लारी-सास्तूरच्या भूकंपाची बातमी सकाळी आली. माझे वडील जनता दलाचं काम करायचे आणि समोरचे काका कट्टर काँग्रेसवाले, दोघांनी एकमेकांविरुद्ध पॅनल उभी केली होती, पंचायत समितीच्या वेळी तर हमरीतुमरी झालेली. त्या दिवशी दुपारपर्यंत दोघांनी मिळून एक ट्रक भरला, भाकरी, चादरी, रॉकेल, आणि दोघं त्याच ट्रकमधून गेले. वडील चार दिवसांनी आले ते न बोलता न्हाणीघरात गेले आणि किती तरी वेळ हात धूत राहिले. पुढे दोघं परत एकमेकांविरुद्ध लढले, परत भांडले, पण ट्रकचा विषय निघाला की दोघंही गप्प व्हायचे. त्याच्याही आधी, 1972 च्या दुष्काळात रोजगार हमी मोठी झाली आणि पुढे तिचा कायदा विधिमंडळात सगळ्या पक्षांनी एकमताने केला. माझ्या आजीने त्या कामावर खडी फोडलीये, तिला कायदा कुणाच्या राज्यात झाला ते कधीच सांगता आलं नाही, मजुरी मात्र आठवड्याची आठवड्याला पाठ असायची. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर, तेव्हा सांगलीकडच्या लोकांनी आपली मतं कुणाला असं विचारलं नव्हतं.

चौथी तक्रार म्हणजे आम्ही मोजले जात नाही. तुम्हाला वाटतं मधले लोक मूठभर आहेत. 2019 च्या विधानसभेत लातूर ग्रामीण मतदारसंघात नोटाला 27,500 मतं पडली आणि नोटा दुसऱ्या नंबरवर आला, हे इथून जवळच घडलंय. त्यामागे स्थानिक कारणं होती आणि ती सगळी मतं माझ्यासारख्यांची होती असं मी म्हणत नाही. पण उन्हात रांगेत उभं राहून, आत जाऊन, "यातलं कुणीच नको" असं बटण दाबून येणारी हजारो माणसं आपल्या जिल्ह्यात आहेत, आणि तुमच्यातल्या एकानेही त्यानंतर त्यांना बोलावून विचारलं नाही की बाबांनो का? मी नोटा दाबत नाही. मी दर वेळी कुणाला तरी मत देते, वेगवेगळ्या पक्षाला दिलंय, आणि या डिसेंबरातही दिलं. कुणाला ते सांगणार नाही. निवडून आलेल्यांकडून काम करून घ्यायचा माझा हक्क त्याने कमी होत नाही आणि पडलेल्यांना प्रश्न विचारायची जबाबदारीही.

अजून एक आहे, धंद्याचं. निवडणुकीनंतर एका गटाने कामं दुसऱ्या दुकानात न्यायला सांगितलंय आपल्या माणसांना, ते मला त्यांच्याच माणसांनी येऊन सांगितलं. दुसऱ्या गटाने उधारी थकवलीये. माझ्यावर घर चालतं, पुण्यात शिकणाऱ्या मुलीची मेस चालते. मुलगी म्हणते आई सोड ना, कशाला लिहितेस, तुला काय पडलंय. मला पडलंय. मला याच गावात राहायचंय, आणि तिला कधी परत यावंसं वाटलं तर तिला यावंसं वाटेल असं गाव असावं.

आता मागण्या. साध्या आहेत, शेवटची सोडली तर एका रुपयाचाही खर्च नाही.

पाडव्याच्या आत एक दिवस ठरवा आणि नगराध्यक्ष, निवडून आलेले सगळे सदस्य आणि पडलेले नगराध्यक्षपदाचे उमेदवार, सगळ्यांनी एका स्टेजवर बसून 143 चिठ्ठ्यांतल्या निदान वीस प्रश्नांना उत्तरं द्या. कोण आधी बोलणार ते लहान मुलाच्या हाताने चिठ्ठी काढून ठरवू. पोरं आणायची तर आणा, पण घोषणा नाही.

वाचनालयाच्या कमिटीला सगळ्या गटप्रमुखांनी एक पत्र द्या, की हॉलमध्ये कोणत्याही सार्वजनिक विषयावर चर्चा झाली तर आमची हरकत नाही आणि त्यावरून संस्थेला त्रास होणार नाही. सह्या सगळ्यांच्या एकाच कागदावर पाहिजेत. मजकूर मी टाइप करून ठेवलाय.

गावाच्या ग्रुपवर माझा आणि मास्तरांचा फोटो टाकून जे लिहिलं होतं ते काढायला सांगा. माझं एकवेळ जाऊद्या, पण मास्तर चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, तुमच्यातल्या निम्म्यांना त्यांनी पाढे शिकवलेत, तेव्हापासून ते संध्याकाळी फिरायला बाहेर पडत नाहीत.

वॉर्डात कामाला आलेल्या माणसाला "मत कुणाला दिलं होतं" हे विचारणं बंद करा. नळ कनेक्शन असो की घरकुलाची फाईल. आणि शहरात क्षेत्रसभा घ्यायची तरतूद आपल्या राज्याच्या कायद्यात 2009 पासून आहे, खेड्यात ग्रामसभा असते तशी. आपल्याकडे ती एकदाही झालेली मी पाहिली नाही. ती घ्या, आणि नगरपालिकेच्या सभेत काय ठरलं ते बाहेरच्या बोर्डावर लावा, कोण कुणाला काय बोललं ते नको, काय ठरलं ते.

आणि ती कडी. परवा मी त्या शाळेत जाऊन विचारून आले, अजून बसलेली नाही. हार्डवेअरच्या दुकानात चाळीस-पन्नास रुपयांना मिळते, मी स्वतः आणून बसवू शकते आणि दोन आठवडे वाट बघून बसवणारच आहे. पण मला मनापासून वाटतं की ती तुम्ही बसवावी, सत्तेतला एक आणि विरोधातला एक असं दोघांनी जाऊन, फोटो न काढता.

होकार असेल तर लेखी द्या, नकार असेल तरी लेखीच द्या, फोनवर नको. दुकान सकाळी नऊ ते रात्री साडेआठ उघडं असतं, सोमवारी बंद. चिठ्ठ्यांचा बॉक्स परत काउंटरवर ठेवलाय. उत्तरांची तयारी करायची म्हणून कुणाला आधी चिठ्ठ्या वाचायच्या असतील तर या, इथेच बसून वाचा, झेरॉक्स पाहिजे असेल तर काढून देईन, त्याचे पैसे घेणार नाही.

आपली,
बसस्टँड रोडची झेरॉक्सवाली ताई